न पुसलेली यादी

सबिहाच्या हाताला एक खोड होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरलं की तिचा उजवा हात आपोआप माउसवर जायचा. स्टार्टवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज आणि शेवटी 'क्लिअर लिस्ट' असं बटण. गिऱ्हाइकानं कोणकोणत्या फाइली उघडल्या त्याची यादी संगणक कुणालाही न सांगता ठेवत असतो, ती यादी कोरी व्हायची. मग वर्डच्या मेन्यूखाली चार नावं लटकत राहतात, तीही जायची. एवढं झाल्याशिवाय ती पुढच्या माणसाला खुर्चीवर बसू देत नसे, मग तो कितीही घाईत असो.

नांदेडला आयटीआय चौकाच्या मागच्या गल्लीत तिचं 'अक्षर डीटीपी' होतं. दोन संगणक, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर आणि उरलेल्या जागेत गिऱ्हाईक. चौकात तेव्हा घरटी एक क्लास निघत होता. कुणाच्या वरच्या मजल्यावर फिजिक्स, कुणाच्या गॅरेजात गणित. या सगळ्या सरांच्या नोट्स, चाचण्या आणि टॉपरांच्या फोटोंचे फलक सबिहासारख्यांच्याच टेबलावरून जायचे. सरलोक फ्लॉपी घेऊन यायचे, बाईला बाहेर उभं करायचे, काम उरकायचे आणि फ्लॉपी खिशात घालून वर खिसा थोपटायचे. फ्लॉपी खिशात गेली म्हणजे गुपितही खिशात गेलं, अशी सगळ्या चौकाची ठाम समजूत होती. मोठमोठी समीकरणं सोडवणारी माणसं, पण स्टार्टच्या बटणाखाली काय दडलंय ते बघावं असं एकालाही कधी वाटलं नाही. सबिहानं कुणाला सांगितलंही नाही. ती आपली पुसत राहिली.

ही खोड तिच्या वडिलांची. जिलानी मियाँ लातूरच्या कचेरीसमोर झाडाखाली टाइपरायटर मांडून बसायचे. भूकंप झाला त्या साली तिकडच्या गावांतली माणसं रांगेनं त्यांच्यापुढं बसली. कुणाची बायको गेलेली, कुणाची चार लेकरं. एकानं तर धाकट्या मुलीचं नाव सांगताना तीनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा रडायला लागला. जिलानी टाइप करायचे आणि संध्याकाळी उठायच्या आधी दिवसभराचे सगळे कार्बन तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून जाळायचे. कार्बन उजेडाला धरला की अक्षरं वाचता येतात, हे त्यांना ठाऊक होतं. नवा कार्बन महाग पडायचा, बाकीचे टायपिस्ट एकच कार्बन आठ दिवस वापरायचे आणि यांना हसायचे. "दुसऱ्याची बात आपल्या टेबलावर मुक्कामाला ठेवायची न्हाई," एवढंच ते म्हणायचे. पुढं सबिहानं संगणक घेतला, तेव्हा ती यादी शोधून काढायला त्यांनीच तिला लावलं. "याचा कार्बन कुठं असंल ते बघ," म्हणाले. तेव्हापासून घरात यादी पुसण्याला कार्बन जाळणं असंच म्हणायचे.

आणि याच इमानानं त्यांचं घर बसवलं. खाली बसवलं.

ती गोष्ट लातूरची, पाच वर्षांपूर्वीची. शिवप्पा सरांचा क्लास तेव्हा नुकताच पत्र्याच्या शेडमधून तीन मजली इमारतीत गेला होता. भूकंपात आईबाप गेलेली अकरा पोरं सरांनी फुकट शिकवली होती, त्यातली दोन मेडिकलला लागली होती. हे खोटं नव्हतं. म्हणूनच सरांचा शब्द गावात देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. त्यांच्या विशेष तुकडीची एक प्रवेश परीक्षा असे. चाळीस जागा, आणि पहिल्या येणाऱ्याला दोन्ही वर्षं सगळं फुकट. त्या साली पेपर सबिहानं टाइप केला होता. परीक्षेच्या दोन दिवस आधी सरांचा मुलगा वीरेश दुकानात आला, "पप्पांनी एक दुरुस्ती सांगितलीय" म्हणाला, अर्धा तास बसला, फ्लॉपी घेऊन गेला. सबिहानं नेहमीप्रमाणं यादी पुसली.

परीक्षेत सबिहाची धाकटी बहीण अफसाना पहिली आली. शंभरात चौऱ्याण्णव. सोळा वर्षांची पोरगी, उर्दू शाळेच्या पायरीवर बसून, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलेली. चौथ्या दिवशी पेपर फुटल्याचा बोभाटा झाला. मोंढ्यातल्या बड्या अडत्यांच्या सहा पोरांचे चुकलेले प्रश्नसुद्धा सारखेच निघाले. आणि पेपर टाइप करणारीची बहीण पहिली. मग आणखी शोधायचं कशाला?

सरांनी भरल्या हॉलमध्ये अफसानाला उभं केलं, तिची उत्तरपत्रिका चार तुकडे करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "यांच्या टेबलावरून पेपर फुटतो. पालकांनी ध्यानात ठेवावं." सबिहा उठून म्हणाली की वीरेश दुकानात येऊन गेलाय. सरांनी वीरेशला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "मी त्या दिवशी उदगीरला होतो." सर म्हणाले, "पुरावा आहे काही?" पुरावा होता. वीरेश दुकानाची पायरी उतरेपर्यंत होता. सबिहानं तो स्वतःच्या हातानं पुसला होता.

हे एवढ्यावर संपलं असतं तरी तिनं गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना अफसानानं मान खाली घालूनच विचारलं, "आपा, खरं सांग. तू कुणाला दाखवला होतास का पेपर?" सबिहानं उत्तर दिलंच नाही. इतका राग आला की तोंडातून शब्दच फुटला नाही. आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ अफसानानं तिला हवा तसा लावला.

जिलानी मियाँपुढची रांग तुटली. ज्याच्या लेकीच्या टेबलावरून पेपर फुटतो त्याच्याकडं कोण आपलं गुपित घेऊन येणार? घर उठलं, नांदेडला आलं. दीड वर्षात अब्बा गेले. अफसानाचं शिक्षण बारावीला थांबलं, जळकोटच्या अमानशी लग्न झालं, आता ती ब्लाउज शिवते. पाच वर्षांत ती एकदाही आपाच्या दारात आली नाही. ईदला फोन यायचा, तो अम्मीला. "आपा बरी हाय ना," एवढं विचारायची आणि उत्तराच्या आधी दुसरं काहीतरी बोलायची.

सबिहानं शिवप्पा सरांवर डूख धरला होता, हे सरळच सांगायला हवं. ती नमाज पढत होती, अम्मीचे पाय चेपत होती, गिऱ्हाइकांशी गोड बोलत होती, आणि आत कुठेतरी सरांच्या हॉलमधले ते चार तुकडे रोज जुळवून पुन्हा फाडत होती. माफ करावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

शिवप्पा सरांनी नांदेडला शाखा काढली ती दोन हजार तीनच्या मे महिन्यात. एक दिवस क्लासचा शिपाई सटवाजी हस्तलिखिताचं बाड घेऊन दुकानात आला. प्रवेश परीक्षेसाठी तीनशे प्रश्न टाइप करायचे होते. सबिहानं पहिलं पान उलटलं आणि शिवप्पा सरांचं अक्षर ओळखलं. टायपिस्ट चेहरा विसरेल, अक्षर विसरत नाही. 'ळ'ची ती खालची लांब शेपटी तिनं हजार पानांवर वाचली होती. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं, त्यामुळं सरांना पत्ताच नव्हता की प्रश्न कुणाच्या टेबलावर चाललेत.

"किती दिवसांत होईल, ताई?" सटवाजीनं विचारलं.

"आठ दिवसांत देते," ती म्हणाली. "सरांना म्हणावं, काम चोख मिळंल."

काम तिनं चोखच केलं. एक मात्रा इकडची तिकडं नाही. सर आता शहाणे झाले होते, शेवटचा पेपर बाहेर टाइप करत नव्हते. तीनशे प्रश्नांची फ्लॉपी लातूरला जायची, तिथं सर आपल्या घरच्या संगणकावर त्यातले शंभर निवडायचे आणि संच बनवायचे. तो संच छापखान्याशिवाय कुणाच्या हाती लागायचा नाही.

बारा जूनच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता वीरेश दुकानात आला. पोट सुटलेलं, हातात अंगठ्या, पण पायऱ्या चढल्यावर दमून मान वाकडी करायची सवय तीच. सबिहानं ओळखलं. त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डीटीपीवाल्या बाईकडं कोण कशाला पाहतंय?

"लग्नाचा बायोडाटा छापायचाय," म्हणाला. "जरा बाहेर थांबता का बाई, प्रायव्हेट हाय."

"थांबते की," ती म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली. प्रिंटर आत चालू झाला. बायोडाटा म्हणजे एक पान, फार तर दोन. प्रिंटर मात्र थांबायचं नाव घेईना. क्लासच्या ऑफिसात त्याला हे छापता येत नव्हतं, कारण तिथला संगणक सिद्धराम नावाच्या मास्तराकडं होता आणि तो मास्तर डोळ्यात तेल घालून बसायचा. वीस मिनिटांनी वीरेश बाहेर आला. काखेत पाकीट होतं. फ्लॉपी शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला.

तो पायऱ्या उतरला. सबिहा खुर्चीवर बसली, हात माउसवर गेला. स्टार्ट, प्रॉपर्टीज, कस्टमाइज. बटण समोर आलं. यादी तिनं एरवी कधी वाचली नव्हती, न वाचता पुसायची हाच तर अब्बांचा नियम. आज वाचली. 'वीरेश बायोडाटा'. 'अंतिम संच क'. 'उत्तरसूची क'. तिन्हींपुढं फ्लॉपीची खूण. नावावर क्लिक केलं तर संगणकानं फ्लॉपी मागितली. आतला मजकूर गेला होता. नावं राहिली होती, आणि आतल्या फोल्डरमध्ये त्यांच्यापुढं तारीख आणि वेळ.

अंतिम संच या दुकानात कधीच आला नव्हता. यायचं काही कारणच नव्हतं.

अब्बा समोर बसून असल्यासारखं तिला वाटलं. बटण दाबलं असतं तर ती जिलानी मियाँची लेक राहिली असती. सरांना फोन करून सांगितलं असतं, तर रविवारी परीक्षेला बसणाऱ्या चारशे पोरांचं भलं झालं असतं. दोन्ही गोष्टी तिच्या मनात आल्या, ती काही आंधळी नव्हती. फोन हाताशी होता. तिनं बटणावरून बाण काढून घेतला, संगणक बंद केला आणि त्यावर ओढणी टाकली. तीन दिवस त्या संगणकाला हात लावला नाही, दुसऱ्यावरच काम ओढलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "बिघडलाय."

रविवारी सकाळी परीक्षा झाली आणि बारा वाजता बोंब झाली. एका होस्टेलच्या खोलीत गादीखाली पेपरच्या प्रती सापडल्या, उत्तरांसकट. पालक क्लासवर चालून गेले. शिवप्पा सर परीक्षेसाठी लातूरहून आलेलेच होते. कुणीतरी म्हणालं, टायपिंग बाहेर झालंय. सरांचा चेहरा उजळला. अशा वेळी काय करायचं ते त्यांना चांगलं पाठ होतं.

दोनच्या सुमाराला पंधरा-वीस माणसं गल्लीत शिरली. पुढं सर, बाजूला वीरेश, मागं सिद्धराम मास्तर आणि मग पालक. सर पायरीवर चढले, सबिहाला पाहिलं आणि क्षणभर थबकले. मग त्यांना आनंदच झाला. दडवायचा प्रयत्न केला, पण झाला.

"म्हणजे पुन्हा तुम्हीच," ते म्हणाले. मागं वळून पालकांना म्हणाले, "लातूरलासुद्धा यांच्याच टेबलावरून पेपर फुटला होता. तेव्हा मी गरीब घर म्हणून पोलिसात गेलो नाही. चुकलंच माझं."

सबिहा उठून उभी राहिली. पाच वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती.

"सिद्धराम, उघडा ते मशीन," सर म्हणाले. "कुणी काय उघडलं ते संगणक लिहून ठेवतो म्हणता ना तुम्ही? दाखवा सगळ्यांना."

सिद्धराम मास्तरानं तिच्याकडं पाहिलं. भला माणूस होता. "ताई, बघू का?" त्यानं विचारलं.

"बघा," सबिहा म्हणाली आणि ओढणी काढली. "पण मोठ्यानं वाचायचं. तारखेसकट. आणि मी हात लावणार न्हाई, नंतर म्हणायला नको."

ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिली. वीरेशनं आता कुठं तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं तिला स्पष्ट दिसलं. "पप्पा," तो म्हणाला, "हे इथं कशाला, ऑफिसात नेऊन बघू—"

"थांब तू," सर म्हणाले.

सिद्धराम वाचू लागला. यादीत तीनच नावं. "वीरेश बायोडाटा. बारा जून, तीन वाजून चार मिनिटं. फ्लॉपीवरून." तो थांबला. चष्मा पुसला. "अंतिम संच क. बारा जून, तीन वाजून सात मिनिटं. फ्लॉपीवरून. उत्तरसूची क. तीन वाजून अकरा." त्यानं खाली पाहिलं, तिथं आणखी काही नव्हतं. "त्याच्यानंतर या मशीनवर काही उघडलेलंच न्हाई, सर. आणि आपण यांना नुसते तीनशे प्रश्न दिले होते. अंतिम संच इथं दिलाच नव्हता."

वीरेशच बोलला, आणि काय बोलला तर, "मी गुरुवारी उदगीरला होतो."

सबिहाला हसू आलं. माणसानं पाच वर्षांत एवढं शरीर वाढवलं, पण खोटं नवं शिकला नाही.

"उदगीरला?" पालकांतून एक बाई पुढं आली. रत्नम्मा, उदगीरच्या मोंढ्यात धान्याचा व्यापार असलेल्या घरची, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. तिची मुलगी सुकन्या सकाळी परीक्षेला बसली होती. "उदगीरला कुणाकडं होतास रे बाळा? तुझा बायोडाटा शुक्रवारी आमच्या भाचीसाठी आलाय. मीच वाचला. खाली बारीक अक्षरात छापलंय, 'अक्षर डीटीपी, नांदेड'. आता हे दुकान बघितलं तवा ध्यानात आलं."

हीच दुकानाची दुसरी खोड. छापलेल्या पानाखाली दुकानाचं नाव ठेवायचं, फुकटची जाहिरात. वीरेश फाइल घेऊन आला होता, पण पानाचा साचा दुकानाचाच वापरला आणि खालची ओळ काढायची राहून गेली. पेपरच्या प्रतींवर ती नव्हती. बायोडाट्यावर होती.

सर खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच. पालक वीरेशवर धावले, सिद्धरामनं मध्ये पडून त्यांना आवरलं. कुणीतरी म्हणालं, वर्तमानपत्राच्या माणसाला बोलवा, या पडद्याचा फोटो काढू दे. दुसऱ्यानं फोन लावला. पेपरवाला माणूस देगलूरला गेला होता, आठपर्यंत येतो म्हणाला.

रत्नम्मा मात्र सबिहाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला गुरुवारीच ठाऊक होतं की गं."

"हाव," सबिहा म्हणाली.

"माझी पोरगी दोन वर्षं रात्रंदिवस राबली."

"माझी बहीणबी राबली होती," सबिहा म्हणाली. हे बोलून तिला बरं वाटलं नाही. रत्नम्मानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग तिनं अफसानाबद्दल विचारलं आणि सबिहानं सगळं सांगितलं, चार तुकड्यांपासून चहाच्या गाळणीपर्यंत.

गर्दी जरा पांगल्यावर सर उठून टेबलाजवळ आले. मघाचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "बाई," ते म्हणाले, "ते पुसता येतं का?"

"येतं. एक बटण हाय. लातूरला मी तेच दाबलं होतं."

"फोटोवाला यायच्या आत पुसा. लोक काय, आज बोलतील, उद्या विसरतील. फोटो छापून आला तर सगळं संपेल. सातशे पोरं शिकतात माझ्याकडं. तुम्ही म्हणाल ते करतो."

तिनं ठरवून ठेवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं ते पाच वर्षं शिजलेलं होतं. "मला काही नको, सर. जळकोटला जीप पाठवा. अफसानाला आणा. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि ती म्हणाली पूस, तर पुसते. जीप वीरेशनं चालवायची."

सरांनी मान खाली घातली. रत्नम्मा म्हणाली, "मी जाते सोबत. एकट्या पोरीला याच्या गाडीत कोण बसवंल." सबिहानं जळकोटला शेजारच्या एसटीडीवर फोन लावला. अफसाना फोनवर आली. "अमानला घेऊन ये," सबिहा म्हणाली. "एक वाचायचं हाय."

जीप परतली तेव्हा सात वाजत आले होते, उजेड होता. आठदहा पालक अजून पायरीवर बसून होते, फेरपरीक्षेचं लिहून घेतल्याशिवाय ते हलणार नव्हते. अफसाना आत आली. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. तिनं सरांना पाहिलं आणि सवयीनं पदर सावरला, ते पाहून सबिहाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. सिद्धरामनं खुर्ची दिली. अफसाना बसली आणि वाचू लागली. तीन ओळी वाचायला तिला फार वेळ लागला.

"हा त्यांचा रविवारचा पेपर," ती म्हणाली. "माझ्या वेळचं काय?"

"तुझ्या वेळचं मी पुसलं," सबिहा म्हणाली. "अब्बांचा नियम म्हणून. तोबी असाच आला होता, असाच बसला होता. मी त्या दिवशी सकाळी तुला बोलले न्हाई, ते माझं चुकलं."

अफसानानं तिच्याकडं पाहिलं नाही. माउसवर हात ठेवला. "कुठं दाबायचं?"

सबिहानं वाकून दाखवलं. स्टार्ट, प्रॉपर्टीज, कस्टमाइज. बटण समोर आलं. बाण त्यावर जाऊन थांबला. सरांनी घड्याळ पाहिलं. आठला पेपरवाला यायचा होता.

"दाब पोरी," सर म्हणाले.

"दाबते," अफसाना म्हणाली. तिचा आवाज खाली होता, शिवणाच्या मशीनवर बसून बोलायची सवय. "आधी एक सांगा, सर. माझा पेपर फाडला त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं का?"

वीरेश दारातून म्हणाला, "पप्पा, नका." सरांनी त्याच्याकडं पाहिलं, मग बाणाकडं, मग घड्याळाकडं.

"आदल्या दिवशीच कळलं होतं," ते म्हणाले. "यानंच कबूल केलं होतं. एकुलता एक पोरगा, काय करणार होतो मी? तू हुशार होतीस, कुठंही शिकली असतीस. दाब आता."

दहा बाय बाराचं दुकान. हळू बोललेलंही पायरीपर्यंत जातं. रत्नम्मा उभी राहिली, तिच्यामागं बाकीचे पालक उभे राहिले. सिद्धराम मास्तरानं क्लासच्या ऑफिसाच्या किल्ल्या खिशातून काढून सरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवल्या.

अफसानानं बटण दाबलं. पडदा कोरा झाला.

सर त्या कोऱ्या पडद्याकडं बघत राहिले. तीन नावं पुसून घेण्यासाठी आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं, आणि सबिहानं ते चेहऱ्यावर उतरताना नीट, शेवटपर्यंत पाहिलं. तिला दया आली नाही. यायला हवी होती असंही वाटलं नाही. पेपरवाला आठला आला, तेव्हा पडद्यावर काही नव्हतं आणि पायरीवर बोलायला दहा माणसं होती.

सगळे गेल्यावर सबिहानं शटर अर्धं ओढलं. अमान बाहेर पानपट्टीवर उभा होता. अफसाना अजून खुर्चीतच होती, मोजपट्टी बोटाला गुंडाळत आणि सोडत.

"अब्बा असते तर काय म्हणाले असते?" तिनं विचारलं.

"रागावले असते," सबिहा म्हणाली. "तीन दिवस मुक्कामाला ठेवलं म्हणून."

अफसाना उठली, ओढणी झटकून संगणकावर नीट पांघरली.

"आपा," ती म्हणाली, "अम्मीनं आज रात्री काय केलंय जेवायला?"

"मुगाची खिचडी हाय," सबिहा म्हणाली. "चल, तुझ्यासाठी वाढीव टाकायला सांगू."